कराचीला न पोहोचलेले जहाज

इंग्रजांचे 'हेक्टर' हे व्यापारी जहाज सुरतेच्या बाऱ्याशी येऊन थांबले ते १६०८ सालच्या ऑगस्ट महिन्यात. मायदेशाचा किनारा त्याने सोडला होता १६०७ च्या वसंतात. पुढे आगबोटी आल्या, १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि सव्वा वर्षाहून अधिक काळाची ही वाट काही आठवड्यांवर आली. तरीही राज्यकर्त्यांचे समाधान होईना. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी मनसुबा रचला तो चारपाच दिवसांत हिंदुस्थान गाठणाऱ्या जहाजाचा. आणि हे जहाज पाण्यावरून नव्हे, तर आकाशातून यावयाचे होते. त्याचे बंदर म्हणून निवड झाली कराचीची. त्या काळी सुरत आणि कराची ही दोन्ही शहरे मुंबई इलाख्यातच मोडत. सिंध प्रांत वेगळा झाला तो १९३६ साली.

या मनसुब्याशी ज्याचे आयुष्य बांधले गेले, तो मेजर जॉर्ज हर्बर्ट स्कॉट हा मूळचा नौदलाच्या शाळेत तयार झालेला इंजिनिअर. १९१४ साली तो नौदलाच्या हवाई शाखेत दाखल झाला. वायुनौकेच्या अधिकाऱ्याचे शिक्षण तेथे साध्या फुग्यापासून सुरू होई. फुग्याला इंजिन नाही, सुकाणू नाही. वर चढावयाचे तर वाळू टाकावी, उतरावयाचे तर वायू सोडावा. आणि वाळू व वायू दोन्ही मोजकेच. आपल्यापाशी किती शिल्लक उरले आहे याचा हिशेब ज्याला ठेवता येत नाही, त्याने आकाशात जाऊच नये, हा या विद्येचा पहिला धडा होय.

स्कॉटचे नाव जगभर झाले ते १९१९ साली. त्या वर्षी २ जुलै रोजी 'आर ३४' ही ६४३ फूट लांबीची वायुनौका घेऊन तो स्कॉटलंडहून निघाला आणि १०८ तासांनी, ६ जुलैस, न्यूयॉर्कजवळ पोहोचला. पूर्वेकडून पश्चिमेकडे, समोरच्या वाऱ्याशी झगडत, अटलांटिक महासागर आकाशमार्गे ओलांडण्याचा हा पहिलाच प्रसंग. नौका उतरवून घेण्यास अनुभवी माणूस खाली नव्हता. म्हणून मेजर प्रिचर्ड या अधिकाऱ्याने छत्रीच्या साह्याने खाली उडी घेतली. इंधन तर जवळजवळ संपलेच होते. हिशेब बरोबर ठरला खरा, पण थोडक्यात!

स्कॉटचे खरे कर्तृत्व मात्र या धाडसाहून निराळे आहे. वायुनौका उतरविण्यास शेकडो माणसे दोर धरून उभी राहत, आणि वारा आडवा असला तर नौका तिच्या घरात नेणेच अशक्य होई. स्कॉटने उंच मनोऱ्याच्या माथ्याशी नौकेचे नाक अडकविण्याची रीत पूर्णत्वास नेली. तापीत नांगरलेली होडी भरती-ओहोटीबरोबर जशी तोंड फिरविते, तशीच ही नौका वाऱ्याबरोबर मनोऱ्याभोवती फिरे. असाच एक मनोरा कराचीस उभारण्यात आला आणि शेजारी एक प्रचंड नौकाघर बांधले गेले. लोक त्याला 'काला छप्परा' म्हणत.

तेथे यावयाची होती 'आर १०१'. नौका जड झाली म्हणून तिला मधोमध कापून एक नवा भाग जोडण्यात आला. त्यानंतर पुऱ्या वेगाची एकही चाचणी झाली नाही. पण हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन यांना हिंदुस्थानात जाऊन साम्राज्य परिषदेसाठी ऑक्टोबरातच परतावयाचे होते. नौकेचा कप्तान अर्विन होता, स्कॉट त्याच्याहून वरिष्ठ होता आणि मंत्री स्वतः नौकेवर होते. "आज निघू नये," हे शब्द उच्चारावयाचे कोणी? निर्णयाचा अधिकार जेव्हा असा तिघांत वाटला जातो, तेव्हा तो कोणाचाच राहत नाही.

४ ऑक्टोबर १९३० च्या सायंकाळी, हवा बिघडत असताना, नौका निघाली. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास फ्रान्समधील बोव्हे गावाजवळ, पावसात, ती टेकाडावर टेकली. आघात तसा हलका होता. पण आत लक्षावधी घनफूट हायड्रोजन होता. चौपन्नांपैकी अठ्ठेचाळीस जण मृत्युमुखी पडले. त्यांत लॉर्ड थॉमसन होते, अर्विन होता आणि बेचाळीस वर्षांचा स्कॉटही होता.

चौकशी झाली ती सर जॉन सायमन यांच्या अध्यक्षतेखाली. ज्यांच्या कमिशनला हिंदुस्थानने काळी निशाणे दाखविली, तेच हे सायमन. सार्वजनिक धोरणाची निकड नसती, तर नौका त्या सायंकाळी निघालीच नसती, असा त्यांनी निर्वाळा दिला. सरकारने योजनाच गुंडाळली. तीच वाट पुढे विमानांनी चोखाळली. कराचीचा तो 'काला छप्परा' मात्र त्यानंतर कित्येक वर्षे तसाच उभा होता. अखेर तोही पाडण्यात आला.