पाड्यावरची अंगणवाडी हा जमिनीचाच प्रश्न आहे

(सातारा-सांगली भागातल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. ज्या पाड्यांवरून कुणी येऊ शकलं नाही, त्यांनी आपल्या बैठकीत हे मोठ्याने वाचून घ्यावं.)

इथं जमलेल्या बायांनो, दादांनो, म्हाताऱ्या माणसांनो, आणि मागे मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या मावश्यांनो,

सकाळपासून दाव्यांवर बोलणं चाललंय. किती दावे भरले, किती परत आले, मोजणी कुठं अडली. आता आमच्याकडे विषय दिलाय लहान पोरांच्या शिक्षणाचा. विषय ऐकून एक काका म्हणाले, "आधी जमिनीचा कागद तर हाती येऊ द्या, पोरांचं मग बघू." काकांचा आम्हाला राग आला नाही. ज्याच्या पायाखालची जमीन त्याच्या नावावर नाही, त्याला दुसरं काही सुचत नाही. आम्हीही त्याच घरांत वाढलोय.

पण पोरांचं 'मग' बघता येत नाही. दावा दहा वर्षं अडकला तरी जमीन जागेवर राहते. तीन वर्षांचं पोर काही आपल्यासाठी तीन वर्षांचंच थांबत नाही. आणि दुसरं असं की हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. पाड्यावर अंगणवाडी नाही, कारण पाड्याला जमीन नाही. आज आम्हाला एवढंच सांगायचंय.

आधी पाड्यावर काय चालतं ते बघू. आमच्या ओळखीचा धरणाच्या काठचा एक कातकरी पाडा आहे. अंगणवाडी मोठ्या गावात. मधे दोन ओढे. उन्हाळ्यात मोठं माणूस अर्ध्या तासात जातं. पण चार वर्षांचं पोर कसं जाणार? त्याला सोडायला कुणीतरी पाहिजे, परत आणायला पाहिजे. आई सकाळीच मजुरीला गेलेली, बाप मासेमारीला. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तो रस्ताच बंद. आम्ही तिथल्या घरांत विचारलं तर पोरांची नावं अंगणवाडीच्या पटावर आहेत. नाव पटावर आणि पोर घरात! कागदावर बघणाऱ्याला वाटतं, या पाड्याला सोय झाली.

आता घरातलं पोर कोण सांभाळतं? म्हातारी असली तर म्हातारी. नाहीतर आठ-नऊ वर्षांची बहीण. ती पोरगी दुसरी-तिसरीत असते. आधी आठवड्यातून दोन दिवस शाळा चुकते, मग चार दिवस, मग शाळेत तिचं नाव नुसतं हजेरीला उरतं. म्हणजे एका अंगणवाडीवाचून दोन पोरांचं शिक्षण गेलं, धाकट्याचंही आणि थोरलीचंही.

पुढं काय होतं ते ऐका. पाड्यावर अंगणवाडी मागायला गेलो की विचारतात, "सेविका म्हणून घ्यायला तुमच्यात शिकलेली बाई आहे का?" कुठून असणार? जी शिकली असती ती पोरगी कडेवर भाऊ घेऊन बसली होती. मग सेविका बाहेरची येते. तिला आपल्या पोरांची बोली कळत नाही, पोरांना तिची कळत नाही. पोर घाबरतं, जाईनासं होतं. हे चक्र असंच फिरतंय. ते कुठंतरी तोडायचं तर सगळ्यात लहान पोरापासून तोडायला पाहिजे.

काही जण म्हणतील, अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटायची जागा. तसं नाही. सरकारच्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत सहा कामं लिहिलेली आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती, आणि तीन ते सहा वर्षांच्या पोरांना शाळेआधीचं शिक्षण. हे सहावं काम म्हणजे गाणी, गोष्टी, मणी ओवणं, रंग ओळखणं, चार पोरांत मिळून खेळणं. ज्या पोरानं हे केलेलं नाही ते पहिलीत गेलं की गप बसतं. गुरुजी म्हणतात, "ही पोरं मठ्ठ आहेत." तीच पोरं पाड्यावर आली की पन्नास झाडं ओळखतात, पाण्याचा रंग बघून मासा कुठं आहे ते सांगतात. ती मठ्ठ नाहीत. शाळेची भाषा त्यांना सहाव्या वर्षी एकदम ऐकवली गेली, एवढंच.

'अंगणवाडी' हा शब्द कुठून आला तेही माहीत असू द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. गरीब वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात. तेव्हा या बायांनी पोरांना नावं ठेवली नाहीत. त्या बालवाडीच वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणात भरली म्हणून अंगणवाडी. पुढं कोसबाडच्या टेकडीवर वारली पोरांमध्ये त्यांनी काम केलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली. त्यामुळं थोरली बहीण धाकट्याला घेऊन येई, त्याला तिथं ठेवी आणि स्वतः वर्गात बसे. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. शिकवायला पानं, बिया, शंख, खडे. म्हणजे आपल्या अंगणात पडलेलं सगळं साहित्य.

आपल्या सातारा जिल्ह्यालाही ही परंपरा परकी नाही. सावित्रीबाई फुले इथल्याच, नायगावच्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात ठेवली. पण बारा वर्षांचं पोर वसतिगृहात राहील. तीन वर्षांचं पोर आईपासून लांब कसं ठेवणार? त्याची शाळा त्याच्या दारातच यायला पाहिजे.

सरकारनं ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू केली आणि नाव तेच ठेवलं, अंगणवाडी. नाव अंगणाचं, पण आपल्या पाड्याच्या अंगणात ती आली नाही. का आली नाही? आपण अर्ज घेऊन गेलो की दोन उत्तरं मिळतात.

पहिलं उत्तर, "लोकसंख्या भरत नाही." याला आपण काय म्हणायचं? अन्न अधिकाराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १३ डिसेंबर २००६ ला निकाल दिलाय. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० पोरं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथं मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. ही तारीख लक्षात ठेवणं सोपं आहे. आपल्या वनहक्काच्या दाव्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा लागतो ना? त्याच्या बरोबर एक वर्षानं हा निकाल. आता तुम्ही म्हणाल, आमच्या पाड्यावर ४० पोरं नाहीत. खरं आहे, आपले पाडे लहान आहेत. पण आदिवासी आणि डोंगराळ भागासाठी निकष वेगळे आहेत. ३०० लोकवस्तीला पूर्ण अंगणवाडी आणि १५० ते ३०० लोकवस्तीला मिनी अंगणवाडी. त्याहून लहान पाडा असेल तर शेजारचा पाडा आणि जवळचा धनगरवाडा धरून मोजा. पोरं आपली काय आणि धनगराची काय, ओढा दोघांनाही तोच ओलांडावा लागतो.

दुसरं उत्तर, "जागा नाही." इथं खरी गोष्ट आहे. पाडा वनखात्याच्या जमिनीवर, नाहीतर कुणाच्या तरी मालकीच्या रानात. पंचायत म्हणते, इमारत बांधायला आमच्या ताब्यात जागा नाही. वनखातं म्हणतं, हे जंगल आहे, इथं वीट लावायची नाही. आणि इमारत मोठ्या गावात बांधली जाते.

पण ज्या कायद्यानं आपण कसायची जमीन मागतो, त्याच वनहक्क कायद्यात, २००६ च्या कायद्यात, कलम ३(२) आहे. त्यात गावाच्या १३ सोयींची यादी आहे. शाळा, दवाखाना, रेशन दुकान, पाण्याची टाकी, रस्ता, समाजमंदिर, आणि त्यातच अंगणवाडी. या प्रत्येक सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरमागे ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस लागते. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. आपल्याला अंगणवाडीला दोन-चार गुंठे पुरतात, आणि झाडाखालीच बांधली तर एकही झाड पाडायची गरज नाही. म्हणून कुणी म्हणालं की जंगलात अंगणवाडी बसत नाही, तर त्याच्यापुढं हे कलम ठेवा.

आमच्यातले किती जण वैयक्तिक दाव्याचा फॉर्म तोंडपाठ म्हणू शकतात! पण कलम ३(२) ची मागणी आपण किती पाड्यांवरून केली? आम्ही आमच्याच संघटनेला विचारतोय. आपणही पोरांचा प्रश्न बायकांचा म्हणून बाजूला ठेवला, हे कबूल करायला पाहिजे.

अजून एक गोष्ट आपल्या भागापुरती. सातारा आणि सांगली जिल्हे अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत. पुणे जिल्ह्यातले आंबेगाव-जुन्नरचे आदिवासी भाग येतात, आपले पाडे नाहीत. त्यामुळं पेसा कायदा इथं लागू नाही आणि आपण थोडे, विखुरलेले, म्हणून कुणाच्या हिशोबात नसतो. पण वनहक्क कायदा फक्त अनुसूचित क्षेत्रापुरता नाही. तो इथल्या डोंगरालाही लागू आहे. म्हणून आपल्यासाठी तो जास्तच मोलाचा.

आता स्थलांतराचं. दिवाळी झाली की उचल घेतलेली घरं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, ऊसतोडीला निघतात. पोरं बरोबरच जातात. पाड्यावर अंगणवाडी झाली तरी सहा महिने ती रिकामी आणि पोर भट्टीच्या धुरात. आपण जातो तसे बीडकडचे ऊसतोड मजूर आपल्या दोन जिल्ह्यांतल्या कारखान्यांवर येतात, त्यांच्या पोरांचंही हेच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या पोराला स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिलाय. पोर जिथं राहतं तिथली अंगणवाडी त्याची. "तुमचं रेशन कार्ड इथलं नाही" असं म्हणून पोराला परत पाठवायचं, असं त्या कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. म्हणून घर भट्टीवर पोचलं की पहिल्या आठवड्यातच जवळच्या अंगणवाडीत नाव घालायचं. नाही घेतलं तर आम्हाला कळवायचं.

शेवटी एक कडू गोष्ट. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वर्षांपर्यंतच आहे. सहाच्या खालच्यांसाठी राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये एवढंच लिहिलंय की सरकार प्रयत्न करील. शिकलेल्यांच्या घरात पोर तिसऱ्या वर्षी बालवाडीत जातं, फी भरून जातं. आपल्या पोराच्या वाट्याला 'प्रयत्न'. म्हणून मागितल्याशिवाय मिळणार नाही, आणि कागद नीट केल्याशिवाय मागता येणार नाही.

तर घरी गेल्यावर करायची कामं चार.

एक. पाड्याची यादी करायची. घरं किती, माणसं किती, सहा वर्षांखालची पोरं किती, प्रत्येकाचं वय. अंगणवाडी किती लांब आहे आणि मधे कुठला ओढा आहे तेही लिहायचं. हे काम पाड्यावरच्या शाळेतल्या पोरापोरींना द्या, ते आपल्यापेक्षा नीट लिहितात.

दोन. पंचायत समितीतल्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी मागणी द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच नसेल तर तीन महिने कुठून मोजणार?

तीन. ग्रामसभेत ठराव. जागा कुठली ते आपणच आधी बघून ठेवायची, म्हणजे पाड्याजवळची, पाणी न साचणारी. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. त्या दिवशी मजुरी बुडाली तरी चालेल, पण सगळ्या पाड्यानं जायचं. अंगणवाडीची जागा बायांनी सांगायची.

चार. इमारत येईपर्यंत थांबायचं नाही. ज्याच्या घरापुढं मोठं अंगण आहे त्यानं ते सकाळी दोन तास द्यायचं. म्हातारीनं गोष्ट सांगायची, आपल्या बोलीत. एखाद्या शिकलेल्या पोरीनं मराठीतली गाणी शिकवायची. यानं सरकारची जबाबदारी संपत नाही, पण थोरल्या बहिणीची शाळा मात्र त्याच दिवसापासून सुरू होते.

मघाचे काका अजून बसलेत. काका, जमिनीचा कागद आपल्याला पाहिजेच, त्यासाठी आपण भांडतोयच. पण तो कागद हातात येईल तेव्हा तो वाचणारं कुणीतरी घरात पाहिजे. ते पोर आत्ता तुमच्या मांडीवर झोपलंय.

जिंदाबाद!