बेडकांच्या वाटेनं पाताळात

दादू इंदुरीकरांनी गाजवलेल्या ‘गाढवाचं लग्न’ वगात शापित गंधर्व गाढव होऊन पृथ्वीवर येतो. अथेन्सच्या ॲरिस्टोफेनिसनं इसवी सनपूर्व ४०५मध्ये देवाला आणखी खाली धाडलं. त्याच्या ‘बेडूक’ नाटकात नाट्यदेव डायोनिसस पाताळात निघतो. कशाला? तर मेलेला नाटककार युरिपिडीस परत आणायला! केशरी झग्यावर सिंहाचं कातडं, आव महाबली हेराक्लिसचा. पण मार पडणार दिसलं की तोच वेष सोबतच्या गुलामाच्या अंगावर. पाताळात नेणारा नावाडी भाडं घेतो आणि वर वल्हंही मारायला लावतो, बेडकांच्या डरांव-डरांवात! पुढे श्रेष्ठ कोण हे ठरवायला, तिथलाच दुसरा मृत नाटककार एस्किलस आणि युरिपिडीस यांच्या ओळी चक्क तराजूत तोलल्या जातात. शेवटी देव परत घेऊन येतो तो एस्किलसला. नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं.