शुद्धी की पुनःस्थापना?

संगणकात घातक प्रोग्रॅम शिरल्याची खात्री पटली, म्हणजे तो शोधून काढावा की सारी डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवावी, असा पेच उभा राहतो. आणि त्याचा निर्णय उपद्रवाच्या जातीवर अवलंबून असतो. ब्राउझरमध्ये जाहिराती घुसडणारा किरकोळ प्रोग्रॅम असेल, तर अँटिव्हायरसने तो काढून फेरतपासणी केली की बहुधा भागते. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने 2017 पासून अशी साधने विनामूल्य उपलब्ध केली आहेत.

परंतु ‘विरुट’सारखा विषाणू, जो प्रोग्रॅमच्या एकामागून एक फाइलींत स्वतःला जोडून घेतो आणि त्या खटाटोपात कित्येक फाइली कायमच्या बिघडवून ठेवतो, किंवा ‘रूटकिट’, जे खुद्द विंडोजच्या गाभ्यात दडून तपासनिसालाच खोटी जबानी देते, त्यांच्या बाबतीत शुद्धीचा आग्रह मला धोक्याचा वाटतो. कारण ज्या दप्तराचा कारकूनच फितूर झाला, त्याच्याच नोंदींवरून ते दप्तर निर्दोष असल्याचा दाखला कोण देणार? (2018 साली उघडकीस आलेला ‘लोजॅक्स’ मदरबोर्डच्या चिपमध्ये दडून डिस्क पुसल्यावरही उरत असे, पण तो विरळा अपवाद.)

पुसण्यापूर्वी छायाचित्रे व दस्तऐवज यांच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात, प्रोग्रॅमच्या फाइली मात्र मुळीच घेऊ नयेत, आणि विंडोज बसवण्याचा पेनड्राइव्ह दुसऱ्या निरोगी संगणकावर तयार करावा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्डही त्याच निरोगी संगणकावरून, संशय आला त्याच दिवशी, कृपा करून बदलून टाका.