तारखांचा पुरावा



संप्रेरकांच्या आरोग्यावर हल्ली सल्ल्यांचा पाऊस पडतो आहे. पाळीचक्राच्या पहिल्या पंधरवड्यात जवस खा, दुसऱ्यात तीळ. याला भक्कम पुरावा नाही. टप्प्यानुसार व्यायाम बदलण्याचीही तीच गत. २०२० च्या एका मोठ्या आढाव्यात पाळीच्या पहिल्या दिवसांत शारीरिक कामगिरीत पडणारा फरक नगण्य निघाला. मग पाळीची नोंद ठेवायची कशाला? माझं म्हणणं असं की, ती पथ्याचं वेळापत्रक म्हणून नव्हे, तर डॉक्टरसमोर ठेवायचा पुरावा म्हणून ठेवावी.

तो पुरावा नसला की काय होतं, ते महाराष्ट्रातल्या बीड जिल्ह्याने दाखवलं. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या नीलम गोऱ्हे समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहांतली एक. अंगावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, एक खाडा पडला तरी कापली जाणारी मजुरी, फडात ना पाणी ना आडोसा. अशात ‘अंगावरून फार जातं’ एवढीच तक्रार घेऊन बाई आली की पिशवी काढायचा सल्ला सोपा ठरतो. पण रक्तस्राव किती दिवस चालतो, दिवसाला किती घड्या बदलाव्या लागतात, दोन पाळ्यांत अंतर किती, हे समोर असेल तर थायरॉइड, गाठी, पीसीओएस की निव्वळ संसर्ग, हा शोध आधी घ्यावा लागतो. भिंतीवरच्या कालनिर्णयात तारखेभोवती गोल आणि कोपऱ्यात घड्यांचा आकडा, इतकं पुरे. अंतर २१ दिवसांहून कमी वा ३५ हून जास्त, रक्तस्राव आठ दिवसांपलीकडे किंवा तीन महिने पाळीच नाही, असं दिसलं की तपासणी हवी.

आहार-व्यायामाचा सल्लाही या नोंदीवाचून आंधळा ठरतो. पीसीओएसमध्ये बहुतेकदा इन्सुलिन वाढलेलं असतं आणि ते अंडाशयाला जास्त अँड्रोजन बनवायला लावतं. मांड्या-पाठीचे स्नायू कामाला लागले की साखर तिथे खर्ची पडते, इन्सुलिनची गरज उतरते. वजन जास्त असलेल्या कित्येकींची पाळी थोडं वजन उतरताच मार्गी लागते. पण अर्धपोटी राबणाऱ्या किंवा अतिव्यायाम करणाऱ्या मुलीचीही पाळी लांबते, आणि तिला हाच सल्ला दिला तर तो उलटतो. तिला आधी पोटभर जेवण हवं. रक्तस्राव जास्त असेल तर लोहाची भरपाई आली. इथे मध्य प्रदेशात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. डिंडोरी-मंडल्याच्या कोदो-कुटकीबरोबर हरभरा, वर लिंबू, आणि जेवणानंतर लगेच चहा नको, हे कुठल्याही महागड्या पावडरीआधी सांगावं.

आक्षेप येईल की, कॅलेंडरने खाडा थोडाच चुकतो? नाही चुकत. मजुरीचा आणि संडासाचा प्रश्न सरकारचा आणि कारखान्यांचाच आहे. पण बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. त्या परवानगीच्या कागदांत बाईच्या हाताची नोंद असणं आणि नसणं यात फरक पडतो. दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. सासरी भिंतीवरच्या खुणा कोण वाचेल याचा नेम नाही. (बाजूला बसण्याच्या काळात साऱ्या वाड्याला तारीख ठाऊक असे, लिहून मात्र कोणी ठेवली नाही!) ज्यांना अडचण वाटते त्यांनी खूण आपलीच ठरवावी, वही पेटीत ठेवावी.

आपल्यासारख्या डॉक्टरांकडून एक गोष्ट आजच होऊ शकते. आपल्या ओपीडीच्या कागदावर मागच्या पाळीच्या एकाच तारखेला जागा असते. ती तीन तारखांची करा, शेजारी दिवस आणि घड्यांचा रकाना द्या, आणि तो भरल्याशिवाय पिशवीचा विषय काढू नका.