आधी एक धागा जाळून बघा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं. ज्या गटांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी लिहून देत आहे.)



आज मी बँक लिंकेज, रजिस्टर यातलं काही बोलणार नाही. हप्ते तेवढे दहा तारखेच्या आत भरा, हे सांगून ठेवते. आज बोलायचंय या पिशवीबद्दल. मोबाईल, चाव्या, थोडे पैसे बसतील एवढीच आहे. दोन सुयांवर विणलेली आहे, पण टाका शोधून सापडत नाही. ओढली तरी सैल पडत नाही, कात्री लावली तरी उसवत नाही. विणली तेव्हा ती बरीच मोठी होती. मग गरम पाण्यात, साबणात चोळून चोळून आटवली.

सगळ्यांनी हातात घेऊन बघितली, छान म्हणालात. पण या पिशवीच्या आधी पंचवीस पिशव्या वाया गेल्यात, आणि त्या माझ्यामुळे गेल्यात. ते आधी सांगते.

मागच्या वर्षी एका गटाला शहरातल्या प्रदर्शनासाठी पंचवीस पिशव्यांची मागणी आली. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितलेले, मला वाटलं जमलंच. तालुक्याच्या बाजारातून दीड किलो रंगीत लोकर मीच आणली. वर 'वूल' छापलेलं होतं. बाराशे रुपये गटाच्या अंतर्गत निधीतून गेले. बायकांनी दोन आठवडे, रात्री जेवणं झाल्यावर बसून पिशव्या विणल्या. आटवायच्या दिवशी अंगणात चूल पेटवली, बादल्या भरल्या, दीड तास चोळलं. हात लाल झाले. पिशव्या होत्या तेवढ्याच राहिल्या, उलट लोंबायला लागल्या.

कोणी मला काही बोललं नाही. तेच जास्त लागलं. मग ज्यांच्या माहेरी मेंढरं होती अशा एक मावशी उठल्या, पिशवीचा एक धागा तोडला आणि चिमट्यात धरून चुलीवर नेला. धागा वितळला, टोकाला काळा मणी झाला. "मॅडम, ही लोकर न्हवं. ह्यो प्लास्टिकचा दोरा हाय," असं म्हणून त्यांनी घरातनं जुन्या घोंगडीचा दोरा आणून जाळला. केस जळल्यासारखा वास आला, आणि राख बोटात धरली की भुगा झाली.

दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे ॲक्रिलिकलाही सगळे लोकरच म्हणतात आणि स्वेटरला ती चालतेही. मी विचारलं नाही, ही चूक माझी. मागणी गेली. प्रोसिडिंगमध्ये तोट्याची नोंद झाली. मी बाराशे भरते म्हटलं, तर गटाने सहाशेच घेतले. म्हणाल्या, विणायच्या आधी आम्ही तरी कुठं बघितलं.

आता हे असं का होतं? मेंढीच्या लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी आणि साबण लागला की ते उघडतात, चोळलं की एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. ॲक्रिलिकला खवलेच नाहीत, ते कितीही चोळा. खऱ्या लोकरीतही एक प्रकार असा येतो, की तिच्यावर मशीनमध्ये धुता यावं म्हणून प्रक्रिया केलेली असते. तीही आटत नाही, पण जाळल्यावर वास मात्र केसाचाच येतो. म्हणून नुसता धागा जाळून भागत नाही, एक तुकडा विणून, आटवून बघावाच लागतो.

मी दहा इंच रुंद, दहा इंच उंच तुकडा विणला. आटवल्यावर रुंदी आठ आली आणि उंची सात. म्हणजे उंची जास्त आटते. त्यावरून हिशेब असा निघाला: तयार पिशवी पाच इंच रुंद आणि सात इंच उंच हवी, तर पट्टी सव्वासहा इंच रुंद आणि वीस इंच लांब विणायची, मधोमध दुमडायची आणि दोन्ही बाजू त्याच लोकरीने शिवायच्या. तुमची लोकर वेगळी असली तर आकडे बदलतील, माझे घेऊ नका.

सुया नेहमीपेक्षा जाड घ्या आणि वीण सैल ठेवा. तंतूंना सरकायला जागा हवी. (सुया घेताना नंबरावर जाऊ नका, आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते.) मला पट्ट्यासकट पन्नास ग्रॅमचा एक गुंडा आणि दुसऱ्यातला थोडा लागला.

आटवताना पिशवीच्या आत प्लास्टिकचा तुकडा घाला, नाहीतर पुढची-मागची बाजू एकमेकीला चिकटते. हाताला सोसेल एवढं गरम पाणी, थोडा साबण, आणि खरबरीत दगडावर किंवा घासायच्या फळीवर चोळायचं. पट्टा वेगळा आटवा, तो गुंततो. गडद रंगही वेगळे. दर पाच मिनिटांनी उचलून मोजा, कारण जास्त आटली तर परत मोठी होत नाही. टाके दिसेनासे झाले की थांबा, गार पाण्यात साबण काढा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका. आत पिशवीच्या मापाचा डबा घालून सावलीत वाळवा.

लोकर आटवणं ही बाहेरून आलेली कला आहे असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. आपल्या भागातलं जेन असंच होतं, लोकर पिंजून, पसरून, भिजवून, दाबून. मी धनगर बायकांनी कातलेल्या काळ्या सुताचीही एक पिशवी केली. दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ. आटायला दुप्पट वेळ लागला आणि हाताला टोचते. पण रंगवायला लागली नाही, आणि उभी केली तर उभी राहते. मला तीच जास्त आवडली.

आता पैशाचं. पहिल्या वेळी आपण दीडशे रुपये किंमत धरली होती. आता मांडून बघा: लोकर १२० रुपये, बटण, साबण, जळण धरून २५. विणणं, शिवणं, आटवणं मिळून सात तास. तासाला ४० रुपये धरले तरी २८०. झाले ४२५. मग दीडशेला विकून आपण गिऱ्हाइकाला आपली रात्र फुकट देत होतो. ४२५ ला आठवडी बाजारात कोणी घेणार नाही, हे मलाही दिसतं. म्हणून शंभर करून ठेवू नका. आधी तीन नमुने करा, दाखवा, मागणी आली तर निम्मे पैसे आगाऊ घ्या. कोणी आगाऊ देत नसेल तर ती मागणी सोडून द्या. मी तरी तेच सांगेन.

त्या पंचवीसांपैकी एक लोंबती पिशवी माझ्याकडे आहे, तिच्यात मी भेटींचं रजिस्टर ठेवते.

येत्या मंगळवारी ग्रामसंघाच्या बैठकीला येताना घरात पडलेला एकेक गुंडा घेऊन या. काडेपेटी, चिमटा आणि स्टीलची ताटली मी आणते. आणि नायलॉनची साडी नेसली असेल तर पदर खोचून बसा.