शास्त्र आणि रुग्णाची खाट



 व्यवस्थापनशास्त्र, मानसशास्त्र आणि शुश्रूषाशास्त्र यांचे सिद्धान्त पुस्तकांत पुष्कळ आहेत. ते घरांतील रुग्णाच्या खाटेपर्यंत कसे न्यावे, हा आजचा विषय. तो केवळ पंडितांचा आहे असें कोणीं समजूं नये. आपल्या मालाडच्या गांवठाणांत काय किंवा नव्या इमारतींत काय, आज ना उद्यां कोणी तरी अंथरुणास खिळतो, आणि उशाशीं बसणारास प्रश्न पडतो : आतां मीं काय करावें ?

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांतील दयाळू शोमरोनी आपण सर्व जाणतां. जखमी वाटसरूस पाहून त्याचें अंतःकरण द्रवलें. परंतु तो नुसता कळवळून थांबला नाहीं. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्यानें त्या बांधल्या, ही शुश्रूषा. त्यास उतारशाळेंत नेलें, दुसऱ्या दिवशीं मालकाच्या हातीं दोन दीनार ठेविले आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना देण्याचें वचन दिलें, ही व्यवस्था. करुणेस हातही लागतात आणि हिशेबही लागतो, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

याची मोठी साक्ष फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या चरित्रांत मिळते. १८५४ च्या नोव्हेंबरांत त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत पोहोंचल्या. त्यांनीं व त्यांच्या सोबतिणींनीं रात्रंदिवस कष्ट केले. तरी त्या हिंवाळ्यांत मृत्यू वाढतच गेले. १८५५ च्या मार्चांत आरोग्यमंडळ आलें, त्यानें इमारतीखालचीं गटारें साफ करविलीं, हवा खेळती केली, आणि मृत्यू झपाट्यानें उतरले. युद्ध संपल्यावर नाइटिंगेल यांनीं आंकडे मांडून हें सत्य पाहिलें व तें लपविलें नाहीं. १८५९ च्या आपल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकांत त्यांनीं शुद्ध हवा, उजेड, स्वच्छता आणि शांतता यांवर भर दिला. आपण मात्र आजही खिडक्या लावून घेतों आणि खाटेभोवतीं दहा पाहुणे बसवितों !

दुसरें उदाहरण आमच्याच घरचें, आणि तें आमच्या चुकीचें आहे. अमेरिकेंतील व्हर्जिनिया हेंडरसन यांचें तत्त्व असें कीं, रुग्ण जें शक्ति, इच्छा व ज्ञान असतें तर स्वतः करता, तेवढेंच परिचारिकेनें त्याच्यासाठीं करावें, आणि तेंही तो लवकर स्वावलंबी होईल अशा रीतीनें. हें तत्त्व आम्हीं वर्गांत शिकविलें होतें. पुढें आमच्या मातोश्रींस अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला, आणि आम्ही भावंडें प्रेमापोटीं त्यांस पेज भरवूं लागलों. दोन महिन्यांनीं एके दिवशीं त्यांनीं डाव्या हातानें चमचा ओढून घेतला व म्हणाल्या, "पोरांनो, माझा एक हात अजून चालतो ना ?" पेज अंगावर सांडली, परंतु त्या दिवसापासून त्या आपल्या हातानें जेवूं लागल्या. सायंकाळीं त्यांनीं रोझरीची माळ मागितली. हेंडरसन यांनीं माणसाच्या चौदा गरजा सांगितल्या, त्यांत आपल्या धर्माप्रमाणें उपासना करणें ही एक आहे. आम्हांस ती तोंडपाठ होती. पण माळ आमच्या ध्यानांत आली नव्हती.

तिसरी गोष्ट व्यवस्थेची. आंरी फायोल या फ्रेंच खाणअभियंत्यानें १९१६ सालीं लिहून ठेविलें कीं, काम करणारास आज्ञा एकाच वरिष्ठाकडून मिळावी. आमच्या घरीं आयाबाईस तीन वरिष्ठ होते, त्यांतील एक आखातांतून दूरध्वनीवर बोले. एके दिवशीं एकच गोळी दोनदां दिली गेली. सुदैवानें अपाय झाला नाहीं. पण आम्ही शहाणे झालों. आज्ञा एकीनें द्यावी असें ठरविलें आणि एक वही उशाशीं ठेविली. औषध केव्हां दिलें, कूस केव्हां बदलली, काय खाल्लें, सर्व तींत लिहूं लागलों.

राहिलें मन. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनीं १९६९ सालीं मरणोन्मुख माणसाच्या मनाच्या पांच अवस्था सांगितल्या : नकार, राग, सौदा, खिन्नता आणि स्वीकार. परंतु ह्या जिन्याच्या पायऱ्या नव्हेत. सर्व माणसें त्या क्रमानें जात नाहींत. मातोश्री रागावल्या कीं आम्ही मनांत म्हणत असूं, ही दुसरी अवस्था. एकदां जवळ बसून विचारलें तेव्हां कळलें कीं, चादर ओली झाली होती आणि सांगण्याची त्यांस लाज वाटत होती. विचारण्यापूर्वीं लाविलेला सिद्धान्त असा आंधळा असतो.

या तिन्ही शास्त्रांचा मेळ पाहावयाचा असेल तर फार दूर जावयास नको. १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडणाऱ्या सिसिली साँडर्स प्रथम परिचारिका होत्या, मागाहून डॉक्टर झाल्या. त्यांनीं शिकविलें कीं, वेदना शरीराची, मनाची, संसाराची व आत्म्याची मिळून एकच असते. त्याच मार्गानें वांद्र्यास १९८६ सालीं डॉ. लुईस जुझे डिसूझा यांच्या पुढाकारानें शांती आवेदना सदन सुरू झालें. भारतांतील हें पहिलें हॉस्पिस. जेथें कर्करोगावरील उपचार संपतात, तेथें त्याचें काम सुरू होतें.

आपल्या मालाडांत ओर्लेमचें देऊळ लुर्ड मातेस वाहिलेलें आहे. तिच्या सणाचा ११ फेब्रुवारी हा दिवस पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९२ सालीं जागतिक रुग्णदिन म्हणून ठरविला. येत्या रुग्णदिनापूर्वीं प्रत्येक वाडींत अंथरुणास खिळलेल्यांची एक यादी व्हावी, तिची जबाबदारी एकाच व्यक्तीवर असावी, आणि आठवड्यांतून एक तास तरी कोणी शेजाऱ्यानें रुग्णापाशीं बसावें, म्हणजे त्याची सेवा करणारीस मिस्सेस जातां येईल किंवा नुसती झोप घेतां येईल. कारण सेवा करणारीही थकते, आणि तिची वही कोणी लिहीत नाहीं.

शोमरोनी परत येण्याचें वचन देऊन गेला. आपणही महोत्सवाचे दिवे विझल्यावर त्या खाटांकडे परत जाऊं या. प्रभु येशू आपणांस तेवढी शक्ति देवो.