टॅरो आणि गंजिफा

अंधेरी-बोरिवलीकडे आज टॅरोच्या पानांवरून भविष्य सांगितलें जातें. श्रोत्यांनीं ध्यानीं घ्यावें कीं, ७८ पानांचा हा संच पंधराव्या शतकांत उत्तर इटलींत जन्मला, तो खेळ म्हणून. १७८१ मध्यें पॅरिसच्या कूर द जेबलँ या पंडितानें त्याचें मूळ प्राचीन मिसर देशांत असल्याचें ठोकून दिलें. मिसरी चित्रलिपीचा उलगडा तर १८२२ मध्यें झाला! भविष्यकथनाचा प्रसार जेबलँनंतरचा. चित्रमय पानें आपल्याकडेहि आहेत. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या : दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा, अशीं १२० वाटोळीं पानें. तींत देव आहेत, दैव नाहीं. परीक्षा होते ती खेळाडूच्या स्मरणशक्तीची. पानांना अर्थ माणूसच देतो. मग मुलीचें लग्न किंवा मुलाची नोकरी पानांवर कां सोंपवावी?